घरतबाईंची कोरांटी

शरयू घरतबाईंची आणि माझी पहिली भेट शाळेच्या कुंपणापाशी झाली, आणि त्या वेळी बाई भांडत होत्या.

माझी नेमणूक त्यांच्या शाळेत नुकतीच झाली होती. रेवदंड्याहून रिक्षाने आले, नागावच्या अलीकडे उतरले आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटेने चालत शाळेशी पोहोचले. फाटकाजवळ पदर खोचलेल्या, हातात कोयता घेतलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांच्या समोर शेजारची जानकीबाई आपल्या बकऱ्या घेऊन उभी होती.

"बकऱ्या माज्या, पण तोंडं त्यांची हायेत," जानकीबाई म्हणत होती. "त्यांना काय म्हाईत, शाळा कुठली नि रान कुठलं?"

"म्हणूनच कोरांटी लावतेय गो," बाई म्हणाल्या. "तुझ्याशी भांडून माझा घसा दुखतो नि बकऱ्यांना त्यातलं एक अक्षर समजत न्हाय. काटा मात्र त्यांना बरोबर समजतो."

जानकीबाईला हसू आवरेना. ती बकऱ्या हाकत निघून गेली. मग बाईंचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी नवीन शिक्षिका आहे हे त्यांनी माझ्या कडक इस्त्रीच्या साडीवरून ओळखलं असावं. "या, या. मीच मुख्याध्यापक. जरा ही फांदी धरता का?" मी पुढे होऊन फांदी धरली आणि काटा खचकन बोटात घुसला. बाईंनी माझं बोट निरखून पाहिलं, पदराच्या टोकाने रक्त टिपलं आणि म्हणाल्या, "झाली ओळख. आता तुम्ही तिला विसरणार नाही."

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी लिहिणारे पुष्कळ विद्यार्थी आहेत. त्यातल्या काहींची मुलंही बाईंकडेच शिकली. त्यांच्याइतका अधिकार मला नाही. मी त्यांच्या शाळेतली सहकारी शिक्षिका. परंतु त्यांच्या निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही मी बाईंना फार जवळून पाहिलं, आणि ते बहुतेक वेळा कोरांटीच्या आसपास पाहिलं. म्हणून हा लेख त्या झाडाच्या आधाराने लिहिते आहे.

आमची शाळा ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की ती जागा झाडांना फारशी मानवणारी नव्हे. माती निम्मी वाळू. शिमगा झाला की विहिरीचं पाणी मचूळ होतं. दुपारी समुद्रावरून सुटणारा खारा वारा कोवळी पानं करपवून टाकतो. दरवर्षी पावसाळ्यात वृक्षारोपण होई. पाहुणे येत, रोपं लावत, फोटो निघत. दिवाळीपर्यंत निम्मी रोपं बकऱ्या खात, उरलेली उन्हाळ्यात वाळत, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत नवी रोपं लागत. बाई मुख्याध्यापक झाल्या त्या वर्षी त्यांनी पाहुण्यांना नम्रपणे सांगितलं, की या वेळी रोपं आणू नका, आमची आम्ही लावतो. काही मंडळी दुखावली. बाईंनी ते मनावर घेतलं नाही.

त्यांच्या स्वतःच्या वाडीच्या मागच्या बांधावर कोरांटी वर्षानुवर्षं उभी होती. तिला कुणी पाणी घालत नसे, खत देत नसे. तरी नवरात्राच्या सुमारास पिवळी फुलं येऊ लागत आणि थंडी सरेपर्यंत टिकत. वास नाही, तोरा नाही. पण गावातल्या बायका पहाटे येऊन देवाला आणि वेणीला फुलं नेत. "जिला इथे राहायचं आहे तिलाच आपण बोलवावं," असं बाई म्हणत. "बाकीच्यांना आपण उगाच बळजबरीने धरून ठेवतो."

पावसाने बस्तान बसवलं की बाई कोरांटीच्या काड्या काढत. फार कोवळी नको, फार जून नको, अशी वीतभर काडी. खालची पानं खुडायची, वाळू आणि शेणखत कालवलेल्या मातीत सावलीला खोचायची, एकदा नीट पाणी द्यायचं आणि मग हात बांधून बसायचं. हात बांधून बसणं हे या कामातलं सर्वांत अवघड काम, असं त्या सांगत. वर्गातून सुटायला मिळतं म्हणून मुलं चोरून पाणी घालत आणि काड्या कुजत. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक कुजलेली काडी आणि एक मुळं फुटलेली काडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि मुलांनाच विचारलं, "हिला काय झालं असेल?" त्या तासाला मुलांनी मुळांविषयी जे विचारलं, ते पाठ्यपुस्तकातल्या धड्याने कधी विचारायला लावलं नव्हतं. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, हिचा लाड जास्त झाला." बाईंना ते उत्तर इतकं आवडलं, की पुढे पालकांच्या सभेतही त्या ते सांगत.

हळूहळू शाळेला चारी बाजूंनी छातीइतकं उंच कुंपण झालं. फुलं सरली की बाई स्वतः कोयता घेऊन ते निर्दयपणे छाटत. नव्याने आलेले शिक्षक हळहळत. नवरात्रात त्याच फांद्या फुलांनी लवल्या, की ते आपोआप गप्प होत.

बाईंचा स्वभाव तापट आहे हे मी लपवणार नाही. ते लपवलं तर हा लेख वाचून त्यांनाच राग येईल. समुद्राकाठी बंगला बांधलेले मुंबईचे एक गृहस्थ एकदा त्यांच्याकडे आले होते. त्यांनी फार हौसेने हिरवळ केली होती, ती पिवळी पडली होती. आता कोरांटी लावून पाहू म्हणाले. बाईंनी रोपं दिली. महिन्याभराने ते गृहस्थ तक्रार घेऊन परत आले.

"तुमची रोपं मेली हो बाई."

"पाणी किती घालत होता?"

"सकाळ-संध्याकाळ. माळी ठेवलाय ना मी."

"मग ती मेली नाहीत, तुम्ही बुडवलीत." एवढं बोलून बाई आत गेल्या. गृहस्थ ओशाळून फाटकाकडे वळले, तेवढ्यात बाई नवीन रोपं घेऊन बाहेर आल्या. "ही न्या. आणि माळ्याला महिनाभर सुट्टी द्या." आज त्या बंगल्याच्या फाटकाशी कोरांटीची रांग आहे आणि ते गृहस्थ दर दिवाळीला बाईंना भेटायला येतात. बाईंचं रागावणं असं असतं. दार लावून घेणाऱ्या माणसाचं ते रागावणं नाही.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगते. हा लेख मी लिहायला घेतला तो खरं तर तिच्यासाठीच.

माझे अब्बा आखातात बरीच वर्षं नोकरी करून परत आले होते. रेवदंड्याच्या घरी अंगणात ते आणि अम्मी फुलझाडं लावत. अब्बा गेले तो उन्हाळा होता. आमच्याकडे कबरीवर हिरवं काहीतरी लावण्याची रीत आहे. माझा भाऊ सलीम याने सब्जा लावला, तो वाळला. मग नर्सरीतून आणून कसलंसं रोप लावलं, तेही गेलं. कबरस्तान खाडीच्या बाजूला आहे, तिथली जमीन पांढरट, खारवट. आमच्याकडे बायका आत जात नाहीत. अम्मी रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जायची, तिथून बघायची आणि परत येऊन म्हणायची, "अजून तिथं काय बी हिरवं न्हाय." तेच शब्द, रोज. मला ते ऐकवत नसे.

शाळेत मी कुणाला काही बोलले नव्हते. पण मधल्या सुट्टीत मला डबा न उघडता बसलेलं बाईंनी दोन-तीनदा पाहिलं आणि सरळ विचारलं, "रेहाना, घरी काय चाललंय?" मी सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. धीराचे शब्द वगैरे काही नाही. फक्त विचारलं, "जमीन कशी आहे? भरतीचं पाणी आत येतं का? सावली आहे का?"

पाऊस लागल्यावर एका रविवारी बाई आमच्या दारात हजर. हातात पिशवी, तिच्यात ओल्या गोणपाटात गुंडाळलेली रोपं. "ही पांढरी कोरांटी. हिला काटे नसतात," त्या अम्मीला म्हणाल्या. "तिथे काटेरी नको. मी मागच्या वर्षीपासून हिला खारट पाण्यावर वाढवून बघतेय. टिकेल असं वाटतं. नाही टिकली तर दुसरी आणीन."

आम्ही सगळे कबरस्तानापाशी गेलो. बाई काही न सांगता अम्मीच्या शेजारी फाटकाबाहेर थांबल्या. सलीम रोपं घेऊन आत गेला. जमातीतले एक वडीलधारे गृहस्थ तिथे होते. त्यांनी झाड कसलं, मुळं किती पसरतात, असं विचारलं. बाईंनी फाटकातूनच नीट उत्तर दिलं, की मुळं खोल जात नाहीत, झुडूप कमरेच्या वर जाणार नाही, आणि दरवर्षी छाटलं तर आटोपशीर राहील. "छाटायला मी सलीमला शिकवीन," त्या म्हणाल्या. गृहस्थांनी मान डोलावली.

मग बाईंनी फाटकाबाहेरून सूचना द्यायला सुरुवात केली. "आणखी खोल. नाही नाही, एवढं नको. वाळू घाल. आता हाताने दाब, पायाने नको रे बाबा!" सलीम आत गुडघ्यांवर बसून हो बाई, हो बाई करत होता. तो काही त्यांचा विद्यार्थी नव्हता, परंतु त्या अर्ध्या तासात झाला. अम्मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. जाताना तिने बाईंचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "खुदा तुमाला सलामत ठेवो." "पाणी जास्त घालू नका," एवढंच बाई म्हणाल्या.

थंडीत त्या झुडपाला पांढरी फुलं आली. सलीम धावत सांगायला आला, पण अम्मीने ती फाटकातून आधीच पाहिली होती. त्या दिवशी ती घरी येऊन काहीच बोलली नाही. कपाटातून चांगले कप काढून तिने चहा केला आणि आम्हां सगळ्यांना समोर बसवून पाजला.

बाई निवृत्त झाल्या. तरी रोज सकाळी फिरायला म्हणून निघायच्या आणि शाळेच्या कुंपणाला एक फेरी मारून परत जायच्या. याच काळात ती घटना घडली, जिच्यामुळे बाई काय आहेत हे साऱ्या गावाला नव्याने कळलं.

आमच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या वाढल्या होत्या. एका शनिवारी सकाळी मुलं मैदानात खो-खो खेळत असताना एक जीप मागे घेता घेता कुंपण मोडून आत आली. सहावीतली पूर्वा तिच्या धक्क्याने पडली, पाय मोडला. जिवावरचं पायावर निभावलं, पण गाव हादरलं. ग्रामपंचायतीने पक्की भिंत बांधायचं ठरवलं. त्यासाठी कोरांटी काढावी लागणार होती. माजी विद्यार्थी संतापले. मोबाइलवर गट तयार झाला, कोरांटी वाचवा म्हणून संदेश फिरू लागले. आम्ही शिक्षकही त्याच मताचे होतो. सभा बोलावली गेली. बाई आल्या की सरपंचांना गप्प करतील, या भरवशावर सगळे होते.

बाई उठल्या. टाळ्या वाजल्या. त्यांनी हात वर करून त्या थांबवल्या.

"हे कुंपण मी बकऱ्यांसाठी लावलं होतं," त्या म्हणाल्या. "गाड्यांसाठी नव्हतं लावलं. पूर्वाच्या पायापेक्षा माझी कोरांटी मोठी नाही. भिंत बांधा."

मागून कुणीतरी म्हणालं, "पण बाई, तुम्ही एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं तिने मुलांना सांभाळलं. आता तिला ते जमत नाही. मग जे जमवेल ते आणायला नको?"

पूर्वाची आई पहिल्या रांगेत बसली होती. तिने तोंडाला पदर लावला. त्यानंतर विरोधाचा एक शब्दही निघाला नाही.

बाईंनी फक्त एक विनंती केली, की पावसाळा लागेपर्यंत थांबा, म्हणजे झाडं हलवता येतील. परंतु मंजूर निधी मार्चअखेर खर्च करायचा होता, थांबणं शक्य नव्हतं. उन्हाच्या तोंडावर कोरांटी उपटायची म्हणजे ती बहुधा मरणार, हे बाईंना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "मग रविवारी कुदळी घेऊन या सगळे."

त्या रविवारी सारं गाव जमलं. जानकीबाईसुद्धा आली होती. पहिल्या झुडपावर कोयता कोण चालवणार, यावर सगळेच घुटमळले, तेव्हा बाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते बुंध्यापाशी छाटलं. मग बुंधे मातीसकट खणले, ओल्या गोणपाटात बांधले आणि ज्याच्या त्याच्या वाडीत माडांच्या सावलीला नेऊन लावले. दुपारपर्यंत शाळा उघडी बोडकी झाली.

संध्याकाळी मी बाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. हातावर ओरखडे होते, ते धुतलेही नव्हते. मला पाहून म्हणाल्या, "उद्या सकाळी फिरायला कुठे जाऊ गो रेहाना?" आणि त्यांचे डोळे भरून आले. बाईंना मी रडताना तेवढं एकदाच पाहिलं. मी पाणी आणलं, त्यांचे हात धुतले.

बरेच बुंधे त्या उन्हाळ्यात वाळले. लोक येऊन सांगत, बाई, आमचं गेलं. बाई प्रत्येकाला सांगत, उपटू नका, थांबा. काही ठिकाणी थांबण्याचा उपयोग झाला नाही. पण पावसात कित्येक वाळक्या खोडांना जमिनीलगत कोंब आले. ज्यांचं जगलं त्यांनी ज्यांचं मेलं त्यांना काड्या दिल्या. पूर्वी कोरांटी शाळेला होती, आता ती घरोघरी आहे, देवळापाशी आहे, बसथांब्यामागे आहे. पूर्वाने कुबडी सोडल्यावर पहिलं काम केलं ते स्वतःच्या दारात काडी लावण्याचं.

भिंतीला हो म्हणणाऱ्या बाई एका गोष्टीवर मात्र अडून बसल्या. भिंतीच्या आत ठेकेदाराला सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवायचे होते. म्हणजे चिखल नाही, गवत नाही. ठोकळ्यांचा टेम्पो आला त्या दिवशी बाईंनी खुर्ची मागवली आणि भिंतीकडेच्या मोकळ्या पट्टीत मांडून बसल्या. ठेकेदार म्हणाला, "बाई, भिंतीला तर तुम्ही हो म्हणालात."

"भिंतीला म्हणाले. मातीला नाही म्हणाले. मुलांनी पेरायचं कुठे? तुमच्या ठोकळ्यावर?"

सरपंच आले, हसले आणि ठेकेदाराला बाजूला घेऊन गेले. ती पट्टी मातीचीच राहिली. तिथे आज मुलं भेंडी लावतात, झेंडू लावतात आणि अर्थातच कोरांटी लावतात. कशासाठी माघार घ्यायची आणि कशासाठी खुर्ची टाकून बसायचं, हे मी बाईंकडून शिकले. मुख्याध्यापक म्हणून आज मला निर्णय घ्यावे लागतात तेव्हा ती समज रोज कामाला येते.

या लेखासाठी बाईंशी बोलायला मी गेल्या आठवड्यात नागावला गेले होते. गुडघे कुरकुरतात म्हणून त्या आता ठेंगण्या स्टुलावर बसून काम करतात. पंचाहत्तरीच्या समारंभाचा विषय काढला तर म्हणाल्या, "ते तुम्ही मंडळी ठरवा. आधी हे बघ." पांढऱ्या आणि जांभळ्या कोरांटीच्या परागांची त्यांनी स्वतः अदलाबदल केली होती, बी धरलं होतं, आणि त्याची इवली रोपं कुंड्यांत हारीने मांडली होती. फूल कसल्या रंगाचं येणार, हे अजून कुणालाच माहीत नाही. मी विचारलं, "बाई, कधी कळेल?"

"एकदोन वर्षं लागतील. कदाचित जास्त. घाई आहे का तुला?"

मला घाई नाही, बाई. आम्हां कुणालाच नाही. ती रोपं तुमच्याच हातांनी वाढोत, त्यांना कळ्या धरोत, आणि रंग पाहायला आम्ही सगळे तुमच्या वाडीत गोळा होऊ तेव्हा तुम्ही त्या ठेंगण्या स्टुलावर ठणठणीत बसलेल्या असा. आवाज असाच खणखणीत असो, हात असेच मातीत असोत. आणि त्या फुलाच्या बियांपासून पुढची रोपं करायची तुम्हांला हुक्की येईल तेव्हा कुंड्या भरायला मला बोलवा. मी रेवदंड्याहून लगेच निघेन.